चंदेरी विमानाचा रंग टेपबरोबर का निघतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुरवणीत विमानांच्या स्केल मॉडेल्सवर, म्हणजे किटचे प्लास्टिकचे भाग जोडून-रंगवून केलेल्या छोट्या प्रतिकृतींवर, लेख आला हे बघून खूप बरं वाटलं, या छंदावर मराठीत फारच कमी लिहिलं जातं. पण मेटॅलिक फिनिश टिकण्यासाठी सिल्वर मारून वरून वार्निशचा जाड हात द्या असं जे त्यात सांगितलंय ते वाचून नवीन मुलं हमखास फसणार, म्हणून हे पत्र. फिनिश टिकतं ते खालच्या थरांमुळे, वार्निशचा नंबर सगळ्यात शेवटी.

मेटॅलिक रंगात धातूच्या अगदी बारीक चकत्या असतात, त्या सपाट बसल्या की पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. जितकी चमक जास्त तितका त्यांना धरून ठेवणारा रेझिन कमी. म्हणूनच अल्क्लॅड या मॉडेलचे रंग बनवणाऱ्या कंपनीचा साधा अ‍ॅल्युमिनियम मास्किंग टेप (दुसरा रंग मारताना झाकायला लावतात ती) सहन करतो आणि त्याच कंपनीचा क्रोम नुसत्या बोटांनी पुसट होतो. आणि अशा क्रोमवर क्लिअर कोट, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, मारला की आरसा जातो, राखाडी रंग उरतो, मग एवढी मेहनत केली कशाला!

खरं काम प्लास्टिकवर आहे. किटचे भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे कारण साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा राहिला की प्रायमर धरतच नाही. सांध्यांवर पुट्टी, मग १००० आणि २००० चा पॉलिश पेपर ओला करून, त्यानंतर आणखी बारीक, कारण साध्या रंगाखाली लपणारा ओरखडा सिल्वरखाली लांबून दिसतो. परत धुवायचं आणि इथून पुढे हातमोजे, बोटांचं तेल हा या फिनिशचा शत्रू आहे. मग पातळ प्रायमर, त्यावर ग्लॉस काळा, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. काळा हाताला सुकलेला लागतो पण आतून कच्चाच असतो, नाकाजवळ नेऊन वास येतोय का बघा, येत असेल तर थांबा, इनॅमल असेल तर कित्येक दिवस. कच्च्या थरावर मारलेलं मेटॅलिक लॅकर (थिनरवर झटपट सुकणारा रंग) चिरतं किंवा टेपबरोबर सोलून निघतं आणि शिव्या मात्र मेटॅलिकच्या बाटलीला पडतात. नंतर मेटॅलिक, एअरब्रशने (हवेच्या दाबावर रंग फवारणारं छोटं पेन), दाब १२ ते १५ पीएसआय, दोन-तीन इंचांवरून, धुक्यासारखे हलके थर, ओलं दिसलं की जास्त झालं. टेप आधी काचेवर चिकटवून तिचा जोर कमी करायचा आणि काढताना सरळ वर न ओढता मागे दुमडून हळू काढायची.

अजून एक, लेखातल्या फोटोतला पी-५१ मस्टँग (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान) नाकापासून शेपटीपर्यंत एकसारखा चकचकीत आहे. खऱ्या मस्टँगच्या पंखांवर हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यातच सांधे-रिव्हेट पुट्टीने भरून वर सिल्वर रंग मारायचे, उघडा धातू मुख्यतः बॉडीवर. म्हणजे पंखांना साधा सिल्वर आणि वर क्लिअर कोट दिला तर इतिहासाला धरून होतं, आणि मॉडेल उचलताना हात सारखा पंखांनाच लागतो तिथे टिकाऊ थरही मिळतो. डिकल्ससाठी (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं-आकडे) क्लिअर लागणारच, पण तो पातळ थरांत आणि आधी जुन्या भंगार भागावर मारून बघूनच.

ज्यांच्याकडे एअरब्रश नाही त्यांना बेअर मेटल फॉइल का सुचवली नाही तेही कळलं नाही. मागे गोंद असलेली अतिशय पातळ धातूची फॉइल, एकेक पॅनेल कापून कापसाच्या काडीने घासून बसवायची, वेळ खूप खाते पण धातू खराच असल्यामुळे फिनिश अस्सल दिसतं. गोल नाकावर मात्र सुरकुत्या पडतात, तिथे छोटे तुकडे करावे लागतात.

पुढच्या भागात ही दुरुस्ती छापाल ही विनंती, आणि सोबत हेही ठळक छापा की लॅकर मारताना ऑरगॅनिक व्हेपरचं फिल्टर असलेला मास्क आणि खेळती हवा हवीच, धुळीचा साधा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. लेखात याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता आणि हा छंद शाळेतली मुलंही करतात.

आपला,
एक नियमित वाचक