औषधाचा डबा

पुणे,
रविवार दुपार

तीर्थरूप आण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवरच बोलायचं ठरवलं होतं. पण पैशाचा विषय निघाला की आण्णा "बरं बरं, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई "जेवलीस काय?" विचारते. मग तो विषय तिथंच राहतो. पत्र आण्णा दोनदा वाचतात आणि फायलीत लावून ठेवतात, म्हणून आज लिहायलाच बसले.

आई, मी आले होते तेव्हा तुझ्या बीपीच्या गोळ्या मोजल्या. रागावू नकोस. पाकिटावर औषध दुकानदारानं ६ तारीख घातली होती. ३० गोळ्या होत्या. मी २६ तारखेला सकाळी बघितलं तर १० उरायला हव्या होत्या, उरल्या होत्या २०. तुला विचारलं तर म्हणालीस, "एक दिवसाआड घेतली तर काय हुतंय? मला काय तरास न्हाई." तुला त्रास होत नाही हे खरं आहे. बीपी वाढलेलं दुखत नाही, कळतही नाही, आणि म्हणूनच ती गोळी रोज घ्यायची असते. न घेतलेल्या १० गोळ्यांचे वाचले किती? ९० रुपये. रात्री गाडीत बसल्यावर हा हिशोब केला आणि कराड येईपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

मला काटकसरीचा राग नाही. मी आज जी काही उभी आहे ती तुमच्या काटकसरीवरच उभी आहे. आण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर होते तेव्हाचा पगाराचा दिवस मला अजून दिसतो. सायकल दारात टेकवायची, हातपाय धुवायचे, पाकीट देवापुढं ठेवायचं आणि मग ते आईकडं. आई फळीवरचे बिस्किटांचे पाच पत्र्याचे डबे खाली काढायची. किराणा, दूध, शाळा, सणवार आणि औषध. पैसे वाटून झाले की डबे वर. मधल्या दिवसांत कुठला डबा रिकामा झाला तर दुसऱ्यातून घ्यायची, पण चिठ्ठी टाकल्याशिवाय नाही. "सणातून शाळंला ४०." चौथी शिकलेल्या माझ्या आईच्या अक्षरातली ती चिठ्ठी. आणि पुढच्या पगाराला ते ४० रुपये सणाच्या डब्यात परत जायचे, मगच चिठ्ठी फाडायची. स्वतःच्याच पैशाचं उसनं इतक्या प्रामाणिकपणे फेडणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

उन्हाळ्यातली बेगमीही तशीच. लक्ष्मीपुरीतून मिरची आणायची ती एक दुकान बघून कधीच नाही. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, चार ठिकाणी देठ मोडून, वास घेऊन. गच्चीवर वाळवायची, देठं आपणच खुडायची आणि डंकावर नंबर लावून कुटून आणायची. वर्षाची चटणी एकदाच. जोंधळा नि तांदूळ भरतानाही असंच, कडुलिंबाचा पाला घालून. त्या चटणीच्या बरणीवर आमच्या घरात आजही भाजी नसली तरी जेवण होतं. इथं शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं आणणाऱ्यांना वर्षाला किती जास्त पडतं हे मी मोजून बघितलं आहे.

आता एक गोष्ट सांगते, जी तुमच्यापासून तीन वर्षं लपवली. माझ्यावर क्रेडिट कार्डाचं कर्ज झालं होतं. घर लावताना फ्रीज, मशीन, फोन असं करत ६० हजार. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून एक आकडा यायचा, मी महिन्याला ३ हजार भरायचे आणि समजायचे की फिटत चाललंय. व्याज होतं महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,१०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी ३७८. भरलेल्या ३ हजारांतून मुद्दल हलायचं जेमतेम सव्वापाचशेनं. वर्षाचा दर काढला तर ४२ टक्के, आणि त्याच वेळी माझी लग्नातली ठेव बँकेत साडेसहा टक्क्यांनी पडून होती. 'अडीनडीची ठेव मोडायची नाही' हे तुमचंच वाक्य डोक्यात होतं म्हणून मी ती जपत बसले. शेवटी एका रात्री डबे आठवले. एका डब्यात पैसे आणि दुसऱ्या डब्यात उसन्याची चिठ्ठी, असं आईनं कधी वर्ष वर्ष राहू दिलं असतं काय? दुसऱ्या दिवशी ठेव मोडली, कार्ड फेडलं आणि पुढचे पंधरा महिने आधी तेवढी ठेव परत उभी केली. आता माझेही डबे आहेत. पगार एका खात्यात येतो, त्याच दिवशी घरभाडं, शाळा आणि औषधपाणी यांचे पैसे दुसऱ्या खात्यात जातात, आणि त्या दुसऱ्या खात्याचं कार्ड मी पाकिटात ठेवतच नाही.

हे तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच पैसे पाठवले असते. तुमच्या फंडातले.

आता मूळ गोष्टीवर येते. त्या पाच डब्यांत एक नियम होता, आई, तो तुझ्या लक्षात आहे का बघ. औषधाच्या डब्यातून कशालाही उसनं निघायचं नाही. मला टायफॉइड झाला होता तेव्हा सणवाराचा डबा पालथा घातलास, दिवाळीला कुणालाच कपडे आले नाहीत, पण सलाइनचे पैसे एका दिवसासाठीही थांबले नाहीत. आमच्या अंगावरचं तू वाचवलंस, अंगातलं कधी वाचवलं नाहीस.

मी परवा फळीवरचा औषधाचा डबा उघडला. आत ३,४०० रुपये होते आणि चिठ्ठी, "छकुलीला पैंजण." नातीच्या पैंजणासाठी तू स्वतःची गोळी एक दिवसाआड करतेस. मला तुझ्यासमोर काही बोलता आलं नाही, म्हणून डबा होता तसा ठेवला. पण आई, ती लेक माझी आहे आणि मी सांगते, आजी पुढची वीस वर्षं दिसायला हवी, पैंजण नसले तरी चालतील.

तर आता माझं ऐका. तुमचे पैसे कमी नाहीत, फक्त चुकीच्या जागी बसले आहेत. आण्णा, तुम्ही मला पासबुकं दाखवलीत त्यावरून लिहिते. साडेचार लाख बचत खात्यात आहेत, त्यांवर जेमतेम अडीच-तीन टक्के मिळतात. दोन लाखांची ठेव बँकेत आहे, ती राहू दे. आणि पाच लाख पतसंस्थेत, कारण तिथं दोन टक्के जास्त. आत्याचे पैसे अडकले होते ते आठवा. चार वर्षं ती चकरा मारत होती. बँकेत ठेवलेल्या पैशाला प्रत्येक ठेवीदारामागं एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो, २०२० पासून, आधी तो १ लाखच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. पतसंस्था चांगली असेल, माणसं ओळखीची असतील, मी कुणावर शंका घेत नाही. पण तुमच्या वयाला आयुष्यभराची जवळजवळ निम्मी कमाई ओळखीच्या भरवशावर नको.

पोस्टात ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना आहे. साठीच्या वरच्या माणसाला खातं काढता येतं, ३० लाखांपर्यंत. सध्या व्याज ८.२ टक्के, आणि ते दर तिमाहीला हातात येतं. मुदत पाच वर्षांची. बचत खात्यातले ३ लाख आता घाला. पतसंस्थेची ठेव दिवाळीनंतर संपते, ती पुढं चालू करू नका, ते ५ लाखही इथंच येऊ देत. ८ लाखांवर वर्षाला ६५,६०० होतात, म्हणजे दर तीन महिन्यांनी १६,४००. महिन्याचे साडेपाच हजार धरा. त्यात तुमची २,८०० ची पेन्शन. घर आपलं, भाडं नाही. मुद्दलाला हात न लावता महिन्याला आठ हजारांच्या वर येतात. मधेच गरज लागली तर खातं बंद करता येतं, पहिल्या वर्षानंतर दीड टक्का कापतात, दोन वर्षं झाली की एक टक्का. पहिलं वर्ष मात्र काढायचे नाहीत, नाहीतर व्याज जातं. बचत खात्यात उरतील दीड लाख, ते अडीनडीला पुरे.

ते व्याज साठवायचं नाही, आण्णा. ही माझी एकच अट. ते खर्चायला आहे.

आईच्या गोळ्यांचं असं करू. डॉक्टरांना सांगून कागदावर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात दाखवा. तीच औषधं तिथं निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांना न विचारता मात्र गोळी बदलायची नाही. वाचवायचं तर असं वाचवू, दिवस गाळून नको.

आणि पंखा. मे महिन्यात तुम्ही दोघं रात्री दोनला उठून पंखा बंद करता हे मी डोळ्यांनी बघितलं. आपला जुना पंखा ७५ वॅटचा आहे, आठ तास चालला तर अर्ध्या युनिटहून थोडं जास्त जळतं. महिनाभर रोज रात्रभर चालवला तरी शंभर-सव्वाशे रुपये. मी येताना नवीन पंखा आणते, तो तीसेक वॅटवर चालतो, म्हणजे रात्रभर लावूनही आताच्या अर्ध्या रात्रीएवढंच बिल. अंघोळीला बंब आहे तो चांगलाच आहे, त्याला मी काही म्हणत नाही. विजेच्या गिझरनं अर्ध्या तासात एक युनिट खाल्लं असतं.

आण्णांची पायताणं दोनदा तळ बदललेली आहेत, तीही राहू देत. कोल्हापुरी पायताण दुरुस्त करून वापरायचंच असतं. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला घ्यायचा मात्र तुम्ही बंद केलात असं तुमच्या धाकट्या लेकानं सांगितलं. तो सुरू करा. आयुष्यभर दुसरं व्यसन नाही केलंत.

कागदांचंही एकदा बसून करायला हवं. २०१९ च्या पुरात शुक्रवार पेठेतलं आपलं घर छातीभर पाण्यात होतं आणि मंगळवार पेठेत मामांकडं बसून तुम्ही दोघं पासबुकांचीच काळजी करत होतात. शाई पसरलेली ती पासबुकं वाळवताना आईचे हात थरथरत होते. पासबुकं बँक दुसरी देते, पण नॉमिनीचं नाव नसेल तर मागच्या माणसाचे फार हाल होतात. प्रत्येक खात्याला नॉमिनी आहे का ते बघा. आण्णांच्या खात्यांना आई, आईच्या खात्याला आण्णा. एका कागदावर सगळी खाती लिहा, एक प्रत धाकट्याकडं, एक माझ्याकडं, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर.

आण्णा, पुढच्या वर्षी तुम्हाला सत्तर पूर्ण होतील. सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आधार कार्डावर तुमचं जन्मसाल बरोबर आहे ना, ते आधीच तपासून ठेवू.

फोनवर कुणी बँकेतून बोलतो म्हणाला, केवायसी म्हणाला, पोलीस म्हणाला, तर फोन ठेवून मला लावा. ओटीपी मलासुद्धा सांगायचा नाही.

मी पुढच्या शनिवारी येते. सोमवारची रजा टाकली आहे, आपण तिघं पोस्टात जाऊ. आण्णांनी आधार, पॅन, दोन फोटो आणि चेकबुक काढून ठेवावं. चटणी यंदा माझ्यासाठी दोन किलोच दे, पण तिखट कमी करू नकोस, छकुली आता खाते. पैंजणाचे ३,४०० त्याच डब्यात राहू देत, चिठ्ठी तेवढी बदल. आजपासून रोज सकाळी चहा झाला की गोळी घ्यायची आणि मला एक मिस कॉल द्यायचा. मी आल्यावर मोजणार आहे.

आण्णा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

तुमची,
ताई