पोथी, आई आणि ईयोबाचे मित्र

पुणे, १४ सप्टेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तूही पोथी वाचायला लागलास?" आणि मी विषय बदलला. पाऊस, खड्डे, मेट्रो असलं काहीबाही बोलत राहिलो. तुझ्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. म्हणूनच फोनवर उत्तर देववलं नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये ओंकारेश्वराजवळच्या पुलावर आपण दोघं शेजारी उभे होतो. दाभोलकरांना जिथे गोळ्या घातल्या तिथे लोकांनी फुलं ठेवली होती आणि तू माझा दंड घट्ट धरला होतास. मी अजून तोच आहे. देव मानत नाही, आत्मा मानत नाही, मेल्यावर काही उरतं असं मानत नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू स्वस्थपणे वाचशील.

काचबिंदूने आईची नजर आता जवळजवळ गेलीच आहे. चाळीस वर्षं रोज सकाळी ज्ञानेश्वरी वाचणारी बाई ती. मी मोबाइलवर ओव्या लावून दिल्या. चार दिवस ऐकल्यावर म्हणाली, "छान आहे रे, पण त्याला थांब म्हणता येत नाही." मग मीच वाचायला बसलो. संक्रांतीपासून रोज, पहिला चहा झाला की.

सुरुवातीला ती सारखी अडवायची. "पेपर वाचतोयस का? ओवी आहे ती." तिचा उजवा हात टेबलावर असतो. पहिल्या तीन चरणांना बोट टेकतं, आणि चौथ्या, आखूड चरणाला तळहात अलगद पालथा पडतो. आता मी पानाकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघतो. हात पडला की श्वास घ्यायचा, मग पुढची ओवी.

पहिले आठ दिवस मला आपण काहीतरी खोटं करतोय असं वाटायचं. जे पटत नाही ते तोंडाने म्हणायचं, तेही आईसमोर. शेवटी विचारलंच, "मी हे काही मानत नाही, तरी तुला चालतं?" ती म्हणाली, "तू वाच. मानायचं माझ्याकडे लागलं." त्या दिवसापासून मोकळेपणाने वाचतो.

नवव्या अध्यायात मात्र अडलो. गीतेतला तो श्लोक तुला आठवत असेल, आपण कॉलेजात वादात किती वेळा फेकला असेल: "मां हि पार्थ व्यपाश्रित्य येऽपि स्युः पापयोनयः। स्त्रियो वैश्यास्तथा शूद्रास्तेऽपि यान्ति परां गतिम्॥" म्हणजे बायका, वैश्य, शूद्र असे पापयोनीतलेही माझा आश्रय घेतला तर परम गतीला जातात. मी पोथी मिटली. आईला म्हटलं, तुला मी माझ्या तोंडाने पापयोनी म्हणणार नाही. ती म्हणाली, "इथपर्यंत आलास तर माउली काय म्हणतात ते तरी बघ." पुन्हा उघडली. खाली होतं, "म्हणौनि कुळ जाति वर्ण। हें आघवेंचि गा अकारण। एथ अर्जुना माझेपण। सार्थक एक॥"

आघवेंचि अकारण, सगळंच व्यर्थ! शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्याच्या आईवडिलांना आणि भावंडांना धर्माच्या नावाखाली वाळीत टाकलं, तो विशीच्या आतला मुलगा मूळ श्लोकाची शिडी खालून काढून घेतो. खरं सांगतो, अंगावर काटा आला. पुढचा दृष्टान्त ओढ्यांचा आहे. गंगेला मिळेपर्यंतच ते वेगळाले ओढे, मिळाले की नुसती गंगा.

पण मग तोच दृष्टान्त मला टोचायला लागला. ओढे गंगेला मिळतात ते देवापाशी. गावच्या पाणवठ्यावर काय? चोखोबांची समाधी विठोबाच्या पायरीशी आहे, आत नाही. ते दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. १२९० ते १९४७, म्हणजे ६५७ वर्षं. इतकी वर्षं ही ओवी घरोघर वाचली जात होती आणि दार बंद होतं. आईला हे म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्यासाठी माउलींना का धरतोस? वाचणाऱ्यांना धर." मला ते अर्धंच पटलं. अजून अर्ध्यावरच आहे. आमचा तो वाद मिटलेला नाही आणि दोघांनाही तो मिटवायची घाई नाही.

तुला सांगायचं होतं ते हेच. श्रद्धा असती तर त्या श्लोकाचा काहीतरी गोड अर्थ लावून तो सांभाळून घ्यावा लागला असता. आपल्या जुन्या सवयीने गेलो असतो तर त्या एका श्लोकापायी सगळी पोथी अडगळीत टाकली असती. मला दोन्ही करायची गरज नाही. ही ओवी थोर आहे आणि ती पुरेशी नाही, हे मी एकाच सकाळी म्हणू शकतो. मात्र त्यातला देव वगळून नुसती सुभाषितं खिशात घालणंही मला पटत नाही. "माझेपण सार्थक एक" हा चरण सोडून दिला तर ती ज्ञानदेवांची ओवी उरत नाही. जे लिहिलंय ते पूर्ण ऐकायचं, मगच नाही म्हणायचं.

आपण उभे होतो त्या पुलाला विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे. इतकी वर्षं ते मला पाटीवरचं नाव म्हणूनच माहीत होतं. हा माणूस १९०१ मध्ये ऑक्सफर्डला गेला तो धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला, आणि परत आल्यावर १९०६ मध्ये त्याने अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. शिंदे श्रद्धावान होते, पण दुसऱ्यांचे ग्रंथही आपलेच समजून वाचणारे. ते वाचल्यावर वाटलं, आपण तर आपलेही नीट वाचले नाहीत. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मराठी बायबल मिळालं. त्यातलं 'ईयोब' मी रात्री वाचायला घेतलं, आणि हे पत्र खरं तर त्याच्यासाठी आहे.

गोष्ट तुला ढोबळ माहीत असेल. सज्जन माणूस. एका दिवसात गुरंढोरं जातात, वादळाने घर कोसळून सात मुलगे आणि तीन मुली जातात, मग अंगभर फोड येतात. तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो. तीन मित्र भेटायला येतात: अलीफज, बिल्दद, सोफर. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. कुणी शब्द बोलत नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. आणि मग ते बोलायला लागतात. पुढे अध्यायामागून अध्याय ते त्याला पटवतात की जगात हिशेब असतो, त्याअर्थी तुझं काहीतरी चुकलं असणार. ईयोब ओरडून सांगतो, नाही चुकलं. शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचा राग ओरडणाऱ्यावर नाही, या समजावणाऱ्यांवर आहे.

मित्रा, मी तिथे थांबलो आणि दिवा मालवून बसलो.

२०२१ च्या मे महिन्यात तुझा धाकटा गेला तेव्हा मी तुला चार फोन केले. त्या चारही फोनवर मीच बोललो. ऑक्सिजनची पातळी केव्हा उतरली, दवाखान्यात दोन दिवस आधी न्यायला हवं होतं, त्याची शुगर, त्या वयातलं मृत्यूचं प्रमाण. कुणी कर्म-प्रारब्ध म्हणायच्या आत खरं कारण तुझ्यापर्यंत पोचावं, असं मला वाटत होतं. तू नुसतं "हो" म्हणत होतास. अलीफज पाप म्हणाला, मी शुगर म्हणालो. खरं तर मी घाबरलो होतो. मलाही शुगर आहे. त्याच्या मरणाला कारण सापडलं की माझं मरण लांब जात होतं.

हे मला कुठल्या विवेकवादी पुस्तकाने दाखवलं नाही. दाखवलं ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कुणा देव मानणाऱ्या माणसाने. त्याचं सगळं मला मान्य नाही. शेवटी ईयोबाला गुरंढोरं दुप्पट मिळतात आणि पुन्हा दहा मुलं होतात, तेव्हा मला संताप आला. आधीची दहा कुठे गेली? वादळातून बोलणारा देवही मला ऐकू येत नाही. पण तो बोलतो तेव्हासुद्धा, का झालं, हे ईयोबाला सांगत नाही. कारण न देता ते पुस्तक संपतं, आणि लिहिणाऱ्याने तसं संपवायचं धाडस केलं याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीने स्वारगेटहून निघतो. दोन दिवस राहीन. ताई इकडे येणार आहे, ती आईला वाचून दाखवील. धाकट्याच्या खोलीला अजून कुलूप असतं, असं वहिनी म्हणाल्या. उघडावीशी वाटली तर दोघं मिळून उघडू. नाही वाटली तर बाहेर ओट्यावर बसू. या खेपेला मी काही समजावणार नाही.

आईने तुला आशीर्वाद सांगितलेत.

तुझाच