तळं हिरवं का झालं, याचं उत्तर तुमच्याच गोदामात आहे

प्रति,
व्यवस्थापक,
वसाहत देखभाल विभाग

विषय : तलावाच्या पाण्याची दुर्दशा, गोल्फ मैदानावर होणारा खतांचा मारा आणि देखभाल शुल्कातील 'तलाव संवर्धन' या रकमेचा हिशेब मिळण्याबाबत.

महोदय,

पत्रास कारण की, ॲपवर केलेली माझी तक्रार 'निराकरण झाले' असा शेरा मारून तुम्ही बंद केली आहे. काय निराकरण झालं ते मी गॅलरीतून पाहिलं. एक माणूस होडीतून आला, त्याने कॅनमधला निळा रंग पाण्यात ओतला आणि निघून गेला. सकाळचं हिरवं पाणी दुपारपर्यंत निळसर हिरवं झालं. वास होता तसाच आहे. म्हणून आता कागदावर लिहिते आहे. कागद बंद करायला निदान फाइल तरी उघडावी लागते.

मी तळ्याकाठच्या ओळीत राहते. या ओळीतल्या घरांना तुम्ही 'लेक फेसिंग' म्हणून वेगळा दर लावला होता आणि तो आम्ही कुरकुर न करता भरला. आज त्याच तळ्याच्या बाजूच्या खिडक्या आम्ही बंद ठेवतो. संध्याकाळी गॅलरीत बसायचं ठरवलं तर वाऱ्याची दिशा बघावी लागते. घर दाखवताना तुमचा विक्री अधिकारी सगळ्यात आधी ज्या गॅलरीत घेऊन गेला होता, तीच ही गॅलरी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे तुमचं नेहमीचं छापील उत्तर वाचेल. पहाटेच्या यंत्रांच्या आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. ग्रीनवरचं, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीचं, गवत तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवावं लागतं, दव झाडावं लागतं आणि हे सगळं पहिला खेळाडू यायच्या आत उरकावं लागतं, हे मला मान्य आहे. गोल्फ मैदानाशेजारी घर घेतलं की हे आलंच. तक्रार आहे ती त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल. गवत कापून झालं की पाठीवर ब्लोअर घेतलेला मुलगा येतो आणि वाटेवर पडलेलं कापलेलं गवत सरळ पाण्यात उडवतो. त्याचा दोष नाही. वाट स्वच्छ दिसली पाहिजे एवढंच त्याला सांगितलेलं असतं. ते गवत तरंगत तरंगत धक्क्याजवळच्या कोपऱ्यात जमतं, तिथे त्याचा पिवळट थर होतो आणि तो तिथेच कुजतो. कुजलेल्या गवतातलं सगळं खत पुन्हा पाण्यात. तेच गवत मैदानावर पसरून ठेवलं असतं तर विकतचं खत तेवढं कमी लागलं असतं.

आता त्या विकतच्या खताकडे येते, कारण खरं दुखणं तिथेच आहे. आभाळ भरून आलं की तुमची माणसं घाईघाईने खताची गाडी फिरवतात. कारण उघड आहे, पाऊस आयतं पाणी देतो. गाडी फेअरवेवरून, म्हणजे खेळाच्या कापलेल्या लांब पट्ट्यावरून, थेट काठापर्यंत येते आणि वळताना सिमेंटच्या वाटेवरही दाणे सांडते. गेल्या वेळी मी ते दाणे तळहातावर घेऊन पाहिले. करडे, बाजरीएवढे, बोटांना किंचित चिकटणारे. रात्री पाऊस झाला. सकाळी वाट धुऊन लख्ख आणि एकही दाणा शिल्लक नाही. ती वाट तळ्याकडेच उतरती आहे, तेव्हा दाणे कुठे गेले हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? पंपघराशेजारच्या तुमच्या गोदामाचं दार दिवसभर उघडंच असतं. आतल्या पोत्यांवर १८:४६:० असं ठळक छापलेलं आहे. पहिला आकडा नत्राचा (नायट्रोजन), मधला स्फुरदाचा (फॉस्फरस), शेवटचा पालाशचा (पोटॅशियम). गवताला हिरवा रंग येतो तो मुख्यतः नत्राने. मग मुरलेल्या हिरवळीवर मधला आकडा ४६ असलेलं खत कोणत्या माती परीक्षणाच्या आधारावर टाकलं जातं? तो अहवाल मला दाखवा. अहवालच नसेल, तर तेही लेखी कळवा.

स्फुरद मातीत पडलं तर बरंचसं मातीच धरून ठेवते. सिमेंटवर पडलेला दाणा धरून ठेवायला कोणी नसतं. आणि गोड्या पाण्यात शेवाळ किती माजणार, हे बहुतेक वेळा स्फुरदावरच ठरतं. हे माझं मत नव्हे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 'लेक २२६' नावाचं मधोमध अरुंद असलेलं एक तळं आहे. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अरुंद जागी पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं, स्फुरद मात्र एकाच भागात. तो भाग हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचं पाणी होतं तसंच राहिलं. त्याचा विमानातून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. तुमच्या कार्यालयात भिंतीवर जो करंडक घेतलेला फोटो आहे, त्याच्या शेजारी लावायला हरकत नाही.

आपलं तळं तर नैसर्गिकही नाही. माहितीपुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो, तो मैदानाच्या सगळ्यात खोलगट जागी खणलेला खड्डा आहे. मैदानावरचं, रस्त्यांवरचं आणि आमच्या छपरांवरचं पावसाचं पाणी तिथे उतरतं आणि तेच पाणी तुमचा पंप पुन्हा तुषार सिंचनासाठी उचलतो. पंप तुमचा, पाइप तुमचे, खत तुमचं. त्यामुळे 'प्रदूषणाचा स्रोत निश्चित करता येत नाही' हे तुमच्या पहिल्या उत्तरातलं वाक्य वाचून मला राग यायच्या आधी हसू आलं.

माशांचं तर बोलायलाच हवं. त्या दिवशी सकाळी फिरायला गेलेल्या सगळ्यांनीच ते पाहिलं. काठाने पांढरी पोटं वर करून पडलेले मासे आणि त्यांच्यामधून जाळी फिरवणारे तुमचे दोन कामगार. त्याआधीच्या पहाटे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवेचे घोट घेताना मी स्वतः पाहिले होते आणि सुरक्षा चौकीत सांगितलंही होतं. तुमच्या सूचनाफलकावर मात्र 'उष्णतेमुळे नैसर्गिक घट' असं झळकलं. नैसर्गिक? त्याच आठवड्यात तुम्ही शेवाळावर मोरचूद (कॉपर सल्फेट) मारला होता. शेवाळ एकदम मेलं, मेलेलं शेवाळ कुजायला लागलं आणि कुजताना त्याने पाण्यातला प्राणवायू खाल्ला. रात्री प्रकाश नसतो, म्हणून पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी होतो तो पहाटे. साधारणपणे लिटरमागे ५ मिलिग्रॅम असेल तर मासे सुखाने जगतात, २ च्या खाली गेला की बहुतेकांचा दम संपतो. म्हणूनच एवढं मोठं शेवाळ एका फटक्यात मारायचं नसतं, थोड्या थोड्या भागात मारायचं असतं. हे तुमच्या कंत्राटदाराला माहीत नसेल तर तो चुकीचा माणूस आहे. माहीत असूनही केलं असेल तर त्याहून चुकीचा.

आणि तुमचं ते कारंजं! 'तलावाला प्राणवायू मिळावा म्हणून' बसवल्याचं पत्रक आमच्या दारात आलं होतं. ते सुरू होतं दिवेलागणीला, रंगीत दिव्यांसकट, आणि क्लबहाउसमधली जेवणं आटोपली की बंद होतं. पहाटे, जेव्हा माशांचा जीव घुसमटतो, तेव्हा ते बंद असतं. शिवाय उडवणारं कारंजं मुख्यतः वरवरचं पाणी ढवळतं. तळाशी जो काळा गाळ साठला आहे, तिथपर्यंत हवा न्यायची तर तळाला सच्छिद्र नळ्या टाकून खालून बुडबुडे सोडावे लागतात. ते दिसायला काहीच नसतं आणि त्याचे फोटोही निघत नाहीत. बहुधा म्हणूनच ते झालं नाही.

मासे मेले त्यानंतर काठावर पाटी आली : 'पाण्याला स्पर्श करू नये. हुकमावरून.' ती पाटी कायाक ठेवायच्या स्टँडला लागून उभी आहे. कायाकचं वार्षिक शुल्क अजून घेतलं जातं. गमतीचा भाग सोडा. पाण्यावर जो रंग सांडल्यासारखा निळा-हिरवा तवंग येतो, तो साध्या शेवाळाचा असेलच असं नाही. तो सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंचा, असू शकतो आणि त्यांच्या काही जाती यकृताला आणि मज्जासंस्थेला अपाय करणारी विषं तयार करतात. असं पाणी पिऊन, किंवा पोहून आल्यावर अंग चाटून, कुत्री दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या ओळीत जवळपास प्रत्येक घरात कुत्रं आहे आणि कुत्र्याला पाटी वाचता येत नाही. नुसत्या डोळ्यांनी विषारी आणि बिनविषारी तवंग ओळखता येत नाही, त्यासाठी पाणी तपासावं लागतं. तुम्ही तपासलं आहे का? ॲपवर हे विचारलं तर 'नियमित तपासणी होते' असं उत्तर आलं. अहवाल मागितला तर 'अंतर्गत बाब' असं. पाणी आमच्या अंगणापर्यंत येतं आणि अहवाल अंतर्गत!

शेवटी मीच एका प्रयोगशाळेच्या माणसाला नमुना घ्यायला बोलावलं. त्याला गेटवरून परत पाठवलं गेलं. पाहुणा म्हणून त्याची नोंद मी ॲपवर केली होती, कोड आला होता, बूम बॅरियरपर्यंत तो पोचलाही होता. तिथे त्याने खरं ते सांगितलं की तळ्याचं पाणी घ्यायला आलोय. सुरक्षारक्षकाने कार्यालयात फोन लावला आणि 'तलाव घरमालकाच्या नावावर नाही' असं उत्तर मिळालं. तलाव माझ्या नावावर नाही, पण 'तलाव संवर्धन' ही रक्कम दर तिमाहीला माझ्याच नावावर असते, हे कृपया त्या फोनवरच्या व्यक्तीला कळवावं.

चेंडूंबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर शेजाऱ्यांनी वेगळं पत्र दिलं आहे. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे असतात आणि त्यांचा चुकलेला फटका उजवीकडे वळतो. आमची ओळ नेमकी उजवीकडे आहे. ४५ ग्रॅमचा तो चेंडू हौशी खेळाडूच्या हातूनही ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटू शकतो. काच फुटली की क्लब खेळाडूकडे बोट दाखवतो, खेळाडू क्लबकडे आणि तुम्ही आमच्या खरेदीखतातल्या बारीक अक्षरांकडे. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, डावीकडे थोडा वळवला आणि मध्ये दाट झाडांची ओळ लावली तर बराच प्रश्न सुटेल. काठावरच्या पांढऱ्या खुंट्यांपलीकडे गेलेला चेंडू खेळाच्या नियमानुसार बादच असतो, तो तिथून खेळताच येत नाही. तेव्हा तो शोधायला आमच्या कुंड्या तुडवत येऊ नये, एवढंही खेळाडूंना सांगा. मी गोल्फ खेळत नाही, पण नियम पाठ झाले आहेत.

आता मला काय हवं ते लिहिते. काठापासून काही मीटरचा पट्टा कापू नका, तिथे उंच गवत आणि पाणवनस्पती वाढू द्या. त्या पट्ट्यात खत नाही, फवारणी नाही, ब्लोअर नाही. वाहून येणारं खत आणि माती तिथेच अडते. दिसायला ते अस्ताव्यस्त वाटेल आणि काही सदस्य नाराज होतील, त्यांना माझ्याकडे पाठवा. पावसाचा अंदाज असताना खत टाकणं बंद करा आणि वाटेवर सांडलेले दाणे लगेच झाडून परत मैदानावर टाका. माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय स्फुरद नकोच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात साध्या हिरवळीसाठी २००५ पासून हाच कायदा आहे. गोल्फ मैदानांना तिथे सवलत आहे, पण ती प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातून खत टाकलं जात असेल तरच. आपल्याकडे खताची गाडी चालवणाऱ्याला कोणी काय शिकवलं आहे, हे विचारून पाहा. कारंजं निदान पहाटे चालवा आणि तळाशी हवा सोडायची व्यवस्था करा.

उद्या खत थांबलं म्हणून परवा पाणी निवळेल अशा भ्रमात मी नाही. वर्षानुवर्षं गाळात जिरलेलं स्फुरद तळाशी प्राणवायू संपला की पुन्हा वर येतं, त्यामुळे काही हंगाम जातील. तेवढा धीर आम्ही धरू. मात्र दर थोड्या दिवसांनी ओतला जाणारा निळा रंग आम्ही सुधारणा म्हणून मोजणार नाही. तो फक्त उजेड अडवतो, पाण्यातलं खत कमी करत नाही.

'तलाव संवर्धन' या नावाखाली जमलेल्या रकमेचा खर्च बिलांसकट मला हवा आहे : रंगावर किती, मोरचुदावर किती, कारंज्याच्या दिव्यांवर किती आणि पाणी तपासणीवर किती. तो मिळेपर्यंत पुढच्या तिमाहीची ही रक्कम मी निषेध नोंदवून भरणार आहे. भरणार नाही असं म्हणत नाही, कारण मग तुम्ही लगेच माझा गेट टॅग बंद कराल, हे मला माहीत आहे. पंधरा दिवसांत सहीनिशी उत्तर आलं नाही तर हेच पत्र, दाण्यांच्या आणि माशांच्या फोटोंसकट, ग्राहक आयोगाकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाईल. ओळीतल्या इतर घरांच्या सह्यांचा कागद सोबत जोडला आहे.

प्रयोगशाळेचा माणूस येत्या सोमवारी सकाळी पुन्हा येणार आहे. त्याची नोंद ॲपवर केली आहे. या वेळी त्याला आत सोडावं आणि शक्य असल्यास तुमचाही एक माणूस नमुना घेताना हजर ठेवावा, म्हणजे नंतर बाटलीत भलतंच पाणी भरलं असं कोणाला म्हणता येणार नाही.

कळावे,

आपली,
तळ्याकाठच्या ओळीतील एक घरमालक

सोबत : फोटो, सह्यांचा कागद, मागील तिमाहीच्या देखभाल बिलाची प्रत