खापरपणजोबांचा खटला

लंडन

ती. आप्पाकाकांस,
सा. न. वि. वि.

सुप्याच्या दंग्यात खापरपणजोबांना सजा झाली, एवढंच आपल्या घरात दबक्या आवाजात बोललं जातं. जुन्या वर्तमानपत्रांत शोधायचं तर आडनाव बाजूला ठेवा. त्या काळच्या इंग्रजी बातम्यांत आपली माणसं बहुधा 'राघू बिन मालू', 'सखाराम वलद बापू' अशीच येतात; 'बिन' नि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. म्हणून आधी त्यांच्या वडिलांचं नाव पक्कं करा. घरात कुणाला ठाऊक नसेल तर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीत बघा.

दंगा 12 मे 1875 ला सुप्यात पेटला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे जाळले, मग लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. पण नुसते मे महिन्याचे अंक चाळून थांबू नका. अटकेच्या बातमीत बहुतेक वेळा 'अमुक गावचे इतके कैद' असा आकडाच असतो. पुढे मॅजिस्ट्रेट खटला सेशन कोर्टाकडे पाठवतो, त्याचा निकाल लागतो, आणि नावं छापलीच तर तेव्हा. वर्षअखेरपर्यंतचे अंक बघावेच लागतील.

'टाइम्स ऑफ इंडिया'चे जुने अंक संगणकावर शोधता येतात, पण यंत्र घोटाळे करतं. शाई पसरलेली असली की 'आर' आणि 'एन' मिळून 'एम' वाचतं, 'ई'चा 'सी' करतं. नाव सापडेना तर गाव शोधा. सुप्याच्या स्पेलिंगमध्ये कुठे 'यू', कुठे दोन 'ओ'. तेही जमलं नाही तर पानामागून पान डोळ्यांनी वाचायचं, दुसरा इलाज नाही.

'केसरी' चाळण्यात वेळ घालवू नका, तो 1881 मध्ये निघाला. पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' 1849 पासूनचा, तो बघा. मराठी मजकुरात साल शालिवाहन शकाचं असलं तर इसवी सनासाठी त्यात 78 मिळवा, जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंतच्या तिथ्यांना 79. दंगा पेटला तो शके 1797 चा वैशाख.

बातमीत 'डकॉइटी' दिसलं तर दचकू नका. 1862 पासून लागू झालेल्या पिनल कोडात पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. सावकाराच्या घरात घुसून काही नेणारा जमावही त्यात बसतो. कलम कोणतं लावलं ते टिपून ठेवा, नुसत्या मथळ्यावर जाऊ नका.

नुसतं नाव जुळलं म्हणूनही हुरळू नका, एकाच तालुक्यात तीन सखाराम सहज निघतात. गाव आणि बापाचं नाव, दोन्ही जुळलं पाहिजे. मग मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात 1875 ची न्याय खात्याची दफ्तरं मागा. ओळखपत्र बरोबर असू द्या.

ब्रिटिश लायब्ररीत दंग्याच्या चौकशी कमिशनचा अहवाल मी बघतो. तिथे अस्सल कागदांजवळ पेन चालत नाही, पेन्सिलच न्यावी लागते. तोवर वडिलांचं नाव नि मूळ गाव कळवा. काकूंना नमस्कार.

आपला,
बाळू