आंतरराष्ट्रीय कायदा कुठे चालतो, कुठे अडतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय कायदा कुणीच पाळत नाही, असा सूर युद्धाच्या बातम्यांवरील बहुतेक पत्रांतून उमटतो. त्यामागचा संताप रास्त आहे. पण ‘कुणीच पाळत नाही’ हे खरे नाही, आणि हे एकदा सर्वांनी मान्य केले की त्याचा फटका बसेल तो लहान देशांना. मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. हा कायदा मी पाहिला तो इंजिन रूममध्ये.

जहाजाच्या तळाशी बिल्जमध्ये तेलकट पाणी साचत राहते. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखणाऱ्या ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते समुद्रात सोडताना त्यात दहा लाख भागांत १५ भागांहून जास्त तेल असता कामा नये. जास्त झाले की अलार्म वाजतो आणि झडप पाणी परत टाकीकडे वळवते. प्रत्येक कामाची नोंद ऑइल रेकॉर्ड बुकात सहीनिशी करायची. पान भरले की त्यावर कॅप्टनची सही. भर समुद्रात, रात्री, बघायला कुणी नसताना हे कशाला पाळायचे? कारण पुढच्या बंदरात पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे त्या बंदराच्या देशाने परदेशी जहाजे तपासायला नेमलेला, निरीक्षक जहाजावर येऊ शकतो. तो वही उघडतो, टाक्यांचे साउंडिंग, म्हणजे आतल्या पातळीचे मोजमाप, घ्यायला लावतो, आकडे ताडून बघतो. पाइपांच्या जोडाच्या, म्हणजे फ्लँजच्या, बोल्टांवरचा रंग ताजा खरवडलेला दिसला तर तिथेच थांबतो, कारण चोरून दुसरा पाइप जोडल्याची ती खूण असते. हिशेब जुळला नाही तर जहाज अडकते, आणि अडकलेल्या जहाजाचा रोजचा खर्च मालकाच्या बोकांडी बसतो. तरीही चोऱ्या होतात, पकडल्या जातात, जबर दंडही झाले आहेत.

या करारातली सगळ्यात हुशारीची तरतूद वेगळीच आहे. ज्या देशाने करार मान्य केलेला नाही, त्याच्या जहाजालाही सदस्य देशाच्या बंदरात कोणतीही सवलत मिळत नाही. म्हणजे बाहेर राहून फायदा शून्य. व्यापार करायचा तर बंदरात शिरावे लागते, आणि शिरायचे तर नियम पाळावे लागतात. यासाठी ना जागतिक पोलीस लागले, ना कुणाचा चांगुलपणा गृहीत धरावा लागला.

तेलाचे ठीक आहे, जमिनीचे काय, असे कुणी विचारेल. लिबियाचे उदाहरण घ्या. गद्दाफींच्या लिबियाने शेजारच्या चाड देशाचा आऊझू पट्टा १९७०च्या दशकात बळकावला. त्यावरून लढाया झाल्या, माणसे मेली. शेवटी दोन्ही देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९४मध्ये निकाल चाडच्या बाजूने लागला आणि मे संपता संपता संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांसमोर लिबियाचे सैन्य बाहेर पडले. गद्दाफी कायद्याचे भक्त नव्हते. पण लढाईत हात पोळलेले होते, आणि ‘न्यायालयाने सांगितले म्हणून’ माघार घेणे हे ‘चाडने हाकलले म्हणून’ घेण्यापेक्षा सोपे होते, असे मला वाटते. नायजेरियानेही २००२च्या निकालानंतर बाकासी द्वीपकल्प कॅमेरूनला दिला, फक्त त्याला सहा वर्षे लागली. आपल्याकडेही बघा. बंगालच्या उपसागरातील सीमेच्या वादात लवादाने २०१४मध्ये वादग्रस्त क्षेत्रातला मोठा वाटा बांगलादेशला दिला. भारत कितीतरी बलाढ्य, तरी निकाल मानला. मला त्याचा अभिमान वाटतो.

आता दुसरी बाजू. निकारागुआच्या खटल्यात १९८६मध्ये हेगच्या न्यायालयाने त्या देशाविरुद्ध बेकायदा बळ वापरल्याबद्दल अमेरिकेला दोषी ठरवले. अमेरिकेने निकाल धुडकावला आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला. दक्षिण चीन समुद्राबाबतचा लवादाचा २०१६चा निवाडा चीनने मानलाच नाही. १६ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी रशियाला युक्रेनमधील लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश दिला. युद्ध चालूच राहिले. तिन्ही देश सुरक्षा परिषदेचे स्थायी सदस्य आहेत. हेगच्या न्यायालयाच्या निकालाची अंमलबजावणी न झाल्यास दाद मागायची ती त्याच परिषदेकडे, आणि तिथे आरोपीच्याच हातात नकाराधिकार! हा अन्याय आहे आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतच लिहिलेला आहे. जहाजाच्या वहीची तपासणी जहाजमालकानेच करायची, असा नियम असता तर समुद्राचे काय झाले असते, हे मला सांगायला नको.

म्हणून ‘कायदा आहे की नाही’ हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. नियम मोडला तर कळते का, कळल्यावर मोडणाऱ्याचे काही जाते का, आणि तपासणारा त्याच्या मुठीत नाही ना, हे विचारायला हवे. सागरी वाहतूक, हवाई वाहतूक, टपाल, वकिलाती यांत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा ‘होय’ अशी येतात. महासत्तांच्या युद्धांत कळते सगळ्यांना, अडवत कुणी नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. हेगचा एखादा निकाल आला की आपण पहिल्या पानावर मथळा देता, चर्चाही घडवता. पण वर्षभराने त्या निकालाचे काय झाले, संबंधित देशाने तो पूर्ण पाळला, अर्धवट पाळला की फेटाळला, हे छापलेले माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. तेवढा पाठपुरावा आपण सुरू करावा. आऊझूसारख्या माघारीची बातमीही मग वाचकांपर्यंत पोहोचेल आणि नकाराधिकाराने दडपलेल्या निकालांची यादीही डोळ्यांसमोर राहील.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनियर