काका, आपला वायरलेस बोलला

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता आणि स्वतःच फोन ठेवता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. हर्णैपासून दाभोळपर्यंत ज्यांच्या घरची माणसं दर्यावर जातात, त्यांनीही वाचलं तर बरंच.

जानेवारीत दादाच्या होडीच्या पंख्यात जाळं गुरफटलं. सुवर्णदुर्गाच्या पश्चिमेला, पाचेक मैलांवर. इंजिन बंद, बॅटरी आधीपासूनच रडकुंडीला आलेली, त्यामुळे केबिनमधला मोठा वायरलेस मुका. मोबाइलला रेंज नाही. दादाने जॅकेटला बांधलेला हातातला सेट काढला, १६ नंबरवर, म्हणजे दर्यावर मदतीची हाक मारायच्या चॅनेलवर, लावला आणि तुम्ही घोटून घेतलं होतं तसंच बोलला. तीनदा "पॅन-पॅन" (म्हणजे तातडीने मदत हवी), होडीचं नाव, जीपीएसचे आकडे, काय झालंय, किती माणसं. मग बटण सोडून गप्प. "मेडे" म्हणाला नाही, ती जिवावर बेतल्यावरची हाक, आणि कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. दुसऱ्या हाकेला आंजर्ल्याच्या एका होडीने ओ दिली आणि पहाटे दोर लावून ओढत आणलं. दादा घरी आला तो आंघोळीआधी भाकरी मागत आला.

आता माझा मूर्खपणा. तो सेट घ्यायच्या आधी मी एक घेतला होता, आठवतंय? स्वस्तातला, खोक्यावर मोठ्ठं "वॉटरप्रूफ" लिहिलेला. बटणावर १ ते १६ आकडे बघून मी खूश, म्हटलं १६ नंबर आहे की! तुम्ही तो हातात घेऊन उलटासुलटा केलात आणि म्हणालात, "बाय, हा लग्नाच्या मांडवात वाढप्यांना हाका मारायचा सेट." समुद्रातला १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, आणि माझ्या सेटचा सोळावा नंबर भलत्याच पट्ट्यात. त्यावर दादा रात्रभर ओरडला असता तरी शेजारच्या होडीला पत्ता लागला नसता. नंतर त्या सेटवर एकच लाट आली आणि तो बंद पडला. मी तो चार दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. सेट जिवंत झाला नाहीच, स्पीकरच्या जाळीत तांदळाची भुकटी मात्र बसली, आणि आईने ते तांदूळ कोंबड्यांना घातले.

दुसरा सेट घेताना तुम्ही दुकानात दोन तास उभे राहिलात. दुकानदार वॅट सांगत होता, तुम्ही विचारत होतात आयपीएक्स किती, म्हणजे सेट पाणी किती झेलतो त्याचा आकडा. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ असेल तर किती खोल आणि किती वेळ ते कंपनीने लिहिलेलं दाखव. नुसत्या "वॉटरप्रूफ" शब्दाला किंमत नाही. पाच वॅट की सहा, या माझ्या प्रश्नावर तुम्ही हसलात. पृथ्वी गोल आहे, होडीत उभ्या माणसाच्या हातातून हाक तीन ते पाच मैल जाते, वॅट वाढवून समुद्राचा फुगवटा सपाट होत नाही. जवळच बोलायचं तर १ वॅटवर ठेव, बॅटरी पुरेल. पडला तर तरंगणारा आणि पाण्यात पडताच दिवा लागणारा घ्यायला लावलात, वर साध्या पेन्सिल सेलची पेटीही. परवान्याच्या कागदांवरून मी कुरकुरले तेव्हा तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही.

पण खरे आभार देखभालीचे. मला वाटायचं, वॉटरप्रूफ आहे म्हणजे बघायला नको. तुम्ही बॅटरी काढून तिच्या कडेची रबरी रिंग दाखवलीत, बारीक, काळी, आणि तिच्यावर बसलेला एकच वाळूचा कण. "पाणी इथून शिरतं," म्हणालात. तेव्हापासून संध्याकाळी होडी लागली की बॅटरी आणि झाकणं घट्ट आहेत ना ते चाचपते आणि सेट गोड्या पाण्याखाली धरते. उन्हात तापलेला असेल तर आधी सावलीत. तापलेला सेट गार पाण्यात पडला की आतली हवा आकसते आणि रबर सैल असेल तिथून पाणी ओढून घेते, हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. मग स्पीकरची जाळी खाली करून झटकायचा, पुसायचा आणि पूर्ण सुकल्यावरच चार्जरवर. ओल्या पिनांवर चार्जिंग लावलं की हिरवा गंज चढतो. तो चढलाच तर पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासायचा. आमच्या छोट्याचे दोन खोडरबर त्यात संपले. रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा बोटभर नव्हे, नखभर थर. व्हॅसलिन नाही, डिझेलचं फडकं तर मुळीच नाही. बंदरावर सगळे डिझेलच्या फडक्यानेच पुसतात, मला रोज भांडावं लागतं.

दादा सुरुवातीला सेट केबिनमध्ये खिळ्याला टांगायचा. तुम्ही विचारलंत, "तू पाण्यात पडलास तर खिळा हाक मारणार काय?" दुसऱ्या दिवसापासून तो जॅकेटला आला. जानेवारीत तो तिथे होता.

आता पावसाळी मासेमारीची बंदी लागली आहे, होड्या आंजर्ल्याच्या खाडीत. सेट धुऊन, सुकवून, बॅटरी निम्मी भरलेली ठेवून कपाटात ठेवलाय, बॅटरी काढून वेगळी. तुम्ही सांगितलं होतंत तशी चिकटपट्टीवर तारीख घातलीय. जुलैत एकदा काढून बघीन. रिंग जरा चपटी वाटतेय, नवी मागवलीय, आली की तुमच्याकडे घेऊन येते. बसवताना पिळली तर उपयोग नाही असं तुम्हीच म्हणाला होतात.

सोबत सोड्यांची पिशवी आहे. काकूंना सांगा, खारट वाटले तर जरा जास्त भिजवा.

तुमची,
हर्णैच्या तांडेलाची बहीण