आंबेडकर रोडवर बसला तिची वाट द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी लालबागची, जन्मापासून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोड म्हणजे भायखळ्यावरून निघून राणीबाग, चिंचपोकळी, लालबाग, भारतमाता, परळ, हिंदमाता, दादर टीटी, किंग्ज सर्कल करत सायनला जाणारा आमचा रस्ता, त्याच्याबद्दलच लिहितेय. रोज लाखो माणसं इथून जातात, पण चर्चा होते ती फक्त गाड्या किती वेळ अडकल्या याची. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाचं कोणी बोलतच नाही म्हणून हे पत्र.

माझे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. 31 मार्च 1964 ला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली तेव्हा ती बघायला ते लालबागच्या नाक्यावर उभे होते, मी पाळण्यात होते. ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती असं सांगायचे, आणि सांगताना दरवेळी त्यांचा आवाज जड व्हायचा. मुंबईत घोड्यांची ट्राम 1874 मध्ये आली, विजेची 1907 मध्ये, म्हणजे नव्वद वर्षं हे शहर ट्रामने फिरलं. आजही कंडक्टर 'दादर टीटी' म्हणून ओरडतात पण टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे माझ्या नातवंडांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, तिथे एक साधी पाटी लावली तरी किती बरं होईल.

ट्रामची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिचे रूळ रस्त्याच्या मध्ये होते, त्यामुळे कडेला कोणी काही उभं केलं तरी तिला फरक पडायचा नाही. ट्राम गेली, बस राहिली, पण तशी ठरलेली वाट काही बसला मिळाली नाही. नंतर गिरण्या बंद पडल्या, 1982 च्या संपानंतर तर गिरणगावच उठलं, भोंगे गेले, त्या जागांवर टॉवर आले आणि टॉवरबरोबर गाड्या. मग 2011 मध्ये लालबागचा फ्लायओव्हर झाला, जवळजवळ अडीच किलोमीटरचा. ज्याला राणीबागेकडून थेट परळच्या पुढे जायचंय त्याची सोय झाली, मी नाही म्हणत नाही. पण ज्या बसला चिंचपोकळी, लालबाग, भारतमाता इथले स्टॉप घ्यायचेत तिला पुलाचा काय उपयोग, ती खालीच, खांब, पार्किंग आणि टेम्पोंच्या मधून वाट काढत.

आईला दर महिन्याला परळच्या हॉस्पिटलात न्यायला लागतं. ती अठ्ठ्याऐंशीची आहे. टॅक्सीवाले एवढ्या जवळचं भाडं घेत नाहीत, ट्रेन शेजारून जाते पण करी रोड स्टेशनचे जिने तिला चढवत नाहीत, राहिली बस. मागच्या वेळी पाऊण तास थांबलो, बस आली तर स्टॉपसमोर तीन गाड्या लावलेल्या, ड्रायव्हर बिचारा कडेला घेणार कुठे, त्याने मधल्या लेनमध्ये थांबवली आणि मी आईला धरून बाइकवाल्यांना हात दाखवत भर रस्त्यात गेले. तिचा हात थरथरत होता. मे 2025 पासून बसचं कमीत कमी तिकीट 5 रुपयांवरून 10 रुपये झालं, तेही आम्ही देतो, निदान फुटपाथवरून बसमध्ये चढता तरी यावं ना.

पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की बस वळवतात, तो भाग बशीसारखा खोलगट आहे, तिथे आता जमिनीखाली टाक्या बांधल्यात हे चांगलंच केलं. पण पाणी काही दिवसांचं असतं आणि स्टॉपसमोरचं पार्किंग रोजचं.

रस्ता रुंद करा असं मी म्हणत नाही, जागा उरलेलीच नाही. मागणी एवढीच आहे की सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 9 पुलाखालची कडेची एक लेन फक्त बससाठी ठेवा, अॅम्ब्युलन्सलाही तीच मोकळी मिळेल, परळला एवढी मोठी हॉस्पिटलं आहेत. एका कारमध्ये बहुतेक एकटा माणूस असतो, बसमध्ये पन्नास-साठ, मग रस्ता आधी कोणाला मिळायला हवा? बाबासाहेब याच भागात परळच्या बीआयटी चाळीत राहिले, पुढे दादरला हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर ज्याच्याकडे गाडी नाही त्याने ताटकळत उभं राहावं हे मला मनापासून खटकतं.

एकदम सगळ्या रस्त्यावर जमणार नसेल तर लालबाग ते हिंदमाता एवढ्याच पट्ट्यात तीन महिने करून बघा, गणपतीचे दिवस सोडून, कारण तेव्हा इथलं सगळं गणितच वेगळं असतं. आणि स्टॉपच्या पुढेमागे गाडी लावली तर रोज दंड घ्या, एक दिवस कारवाई आणि मग महिनाभर शांतता असं नको.

आपली,
लालबागची एक वाचक